वीसपैकी एकोणीस

“टीममध्ये काम करायची सवय आहे का?” मी विचारलं.

सोपान शिरतोडेने मागे वळून पाहिलं. प्रश्न आपल्यामागे उभ्या असलेल्या कुणाला तरी असावा, असं त्याला वाटलं. मागे कॅन्टीनची भिंत होती आणि तिच्यावर ताटं विसळून ठेवण्याची विनंती होती.

“तुम्हालाच विचारतोय,” मी म्हणालो.

“न्हाई,” तो म्हणाला.

मी ‘संघभावना’ या सदरापुढे वीसपैकी दोन लिहिले. दोन कशाचे, तर खरं बोलल्याचे. खरं बोलण्यासाठी फॉर्मात वेगळं सदर नव्हतं.

ही १९९३च्या नोव्हेंबरातली गोष्ट. उजनी धरणाच्या फुगवट्यापासून चौदा किलोमीटरवर आमचा कारखाना होता. मक्यापासून स्टार्च काढायचा कारखाना. मी तिथे पर्सोनेल ऑफिसर. वय सव्वीस, घर नाशिकचं, पदवी पुण्याची, नोकरी एक वर्षाच्या प्रोबेशनवर. कारखान्याला लागणारं सगळं पाणी धरणातून यायचं आणि त्यासाठी काठापासून आत, पाण्यातच, एक उंच गोल विहीर बांधलेली होती. तिला जॅकवेल म्हणत. विहिरीवर मोटार आणि पंप, तिथून काठापर्यंत दोनशे फुटांचा अरुंद पूल, आणि काठावर एक केबिन. केबिनीत स्टार्टर, खुर्ची, माठ आणि टेलिफोन. या खुर्चीत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसणारा माणूस आम्ही शोधत होतो.

काम अवघड नव्हतं. दर अर्ध्या तासाने पुलावरून जायचं, विहिरीतली पाण्याची पातळी बघायची, पाणी जिथून आत शिरतं त्या जाळीवर जलपर्णी अडकली असेल तर आकडीने ओढून काढायची, परत येऊन वहीत लिहायचं. अडचण होती ती मधल्या वेळाची. आसपास वस्ती नव्हती. जे गाव होतं ते धरणाखाली गेलं होतं. कंपनीची जीप सकाळी माणसाला सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. आधीचे दोघे सोडून गेले होते. एकाने राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, ‘करमत नाही’. ते मी ‘कौटुंबिक अडचण’ असं दुरुस्त करून फायलीत लावलं.

आणि माझ्यापुढे तो फॉर्म होता. मुंबईच्या कुणा सल्लागारांकडून कंपनीने तो विकत घेतला होता. उमेदवारात हल्लीच्या काळात कोणती कौशल्यं पाहावीत, ती त्यात पाच रकान्यांत मांडली होती: संघभावना, संवादकौशल्य, नेतृत्वगुण, प्रसंगावधान, सकारात्मक दृष्टिकोन. प्रत्येकी वीस गुण. प्रत्येक रकान्याखाली विचारायचे प्रश्नही होते. फॉर्म सगळ्या जागांना एकच. त्याचं मराठी मी केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. महिन्याभरापूर्वी मी एका माळ्याचे नेतृत्वगुण तपासले होते.

शिरतोडेची चाळिशी उलटली होती. पाटबंधारे खात्याकडे रोजंदारीवर तो नदीच्या पाण्याची पातळी वाचायचं काम करत आला होता. अकरा वर्षं. नदीकाठी पट्टी रोवलेली असते, तिच्यावरचा आकडा तासातासाला टिपायचा.

“तिथे कोणकोण असायचं?” माझ्या शेजारी बसलेल्या बारटक्के साहेबांनी विचारलं. ते वर्क्स मॅनेजर. मुलाखतीला आम्ही दोघंच होतो.

“पट्टी,” शिरतोडे म्हणाला.

बारटक्के साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा प्रश्न वाचला. “सहकाऱ्याच्या हातून चूक झाली, तर आपण काय कराल?”

त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, “तिथं दुसरं असतंय कोण?”

एकूण शंभरपैकी एकवीस. तो उठला, खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवली आणि गेला. खुर्ची सरकवण्याला गुण नव्हते.

त्याच्यानंतर नागनाथ खटके आला. आला तोच दारातल्या शिपायाशी काहीतरी बोलत, आणि ते बोलणं संपवून मग आम्हाला नमस्कार केला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, बारावी झालेला, तालुक्याच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. खुर्चीत बसून त्याने सांगितलं की शिपाई त्याच्या आत्याच्या गावचा निघाला. मी त्या शिपायाला सात महिने रोज बघत होतो. तो कुठल्या गावचा हे मला त्या दिवशी कळलं.

टीममध्ये काम करायची सवय आहे का, हे विचारायची गरजच पडली नाही. गावातल्या तालमीपासून तो सुरू झाला आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. बारटक्के साहेब कधी नव्हे ते पुढे झुकून ऐकत होते. पंचाचा निर्णय चुकला त्या जागी ते “अरेरे” म्हणाले.

सहकाऱ्याच्या चुकीचा प्रश्न मी त्यालाही विचारला.

“अंगावर घ्यायची साहेब,” तो लगेच म्हणाला. “सेमीफायनलला आमच्यातल्या एकानं गडबडीत पंचाला ढकललं. पंचानं विचारलं, कुणी ढकललं? तो आमचा मेन रेडर. तो बाहेर बसला की संपलं सगळं. मी हात वर केला. मी बसलो बाहेर. पोरं जिंकली.”

“आणि तो रेडर? तो काही बोलला नाही?”

“तो काय बोलणार. त्याला खेळायचं होतं ना.”

संघभावना: वीसपैकी वीस. संवादकौशल्य: वीसपैकी एकोणीस. एक गुण मी कापला, कारण पैकीच्या पैकी दिले की वरच्या लोकांना संशय येतो. सहा महिने प्रोबेशन, एक मेपासून कायम, असं ठरलं. अशा रीतीने, दहा तासांत एकही माणूस दिसणार नाही अशा जागी बसवायला, आम्ही सोलापूर जिल्ह्यातला सगळ्यात बोलका माणूस निवडला. निवड पूर्णपणे शास्त्रीय होती.

पहिल्या आठवड्यातच फोन सुरू झाले. जॅकवेलची लाइन कारखान्याच्या गेटवरच्या एक्स्चेंजला यायची. तिथे होनरावबाई बसत. बोर्डावर खुंट्या खोचून त्या लाइन जोडून देत आणि रजिस्टरात टिपून ठेवत. जॅकवेलने सकाळी आणि संध्याकाळी पंपहाउसला पातळी कळवायची, एवढाच नियम होता. नागनाथने दिवसाला सात-आठ फोन करायला सुरुवात केली. पंपहाउसवाल्यांनी दोन दिवसांत कंटाळून त्याला पर्सोनेलकडे बोल म्हणून सांगितलं. माणसांचं काही असलं की ते पर्सोनेलकडे, अशी कारखान्यात समजूत होती.

“साहेब, पाणी साडेअठरा फूट. जाळी साफ. मोटार ओके,” तो म्हणायचा. मग थांबायचा. मग, “जेवलात का?”

हा प्रश्न कसा ऐकू आला, ते सांगायचं तर माझी राहणी सांगावी लागेल. कंपनीच्या बॅचलर क्वार्टर्समध्ये आठ खोल्या होत्या. एकीत मी, एकीत कंपनीच्या जुन्या फायली, बाकीच्या पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे येत नसत. डबा यायचा तो दारात ठेवून माणूस निघून जायचा. दुपारी मी कॅन्टीनला गेलो की टेबलांवरचं बोलणं थांबायचं. पर्सोनेलचा माणूस कान देऊन ऐकतो, असं लोकांना वाटत असे. मी खरं म्हणजे कुठे जागा आहे ते पाहत असे. काही दिवसांनी मी ताट ऑफिसातच मागवायला लागलो, आणि मग लोक म्हणायला लागले की साहेबाला आपल्यात बसायला नको वाटतं.

तर, जेवलात का, असं त्या गावात मला विचारणारा नागनाथ पहिला.

मी आधी त्याला तोडूनच बोलत असे. “ठीक आहे. ठेव आता.” मग कधीतरी मी ठेव म्हणायचं विसरलो. जानेवारीत फुगवट्यावर फ्लेमिंगो आले. तो त्यांना ‘लांब टांगवाले’ म्हणायचा आणि त्यांची हालचाल कबड्डीच्या सामन्यासारखी सांगायचा: “आता डावीकडनं तिघं आत आले साहेब, एक मागं राहिला, पाय उचलतोय, पण टाकत न्हाई…” मी टायपिस्टला बाहेर पाठवून ऐकत असे. पाणी उतरायला लागलं तशी बुडालेल्या गावातल्या घरांची जोती वर आली. कुठलं घर कुणाचं असेल ते त्याने मनाने ठरवून टाकलं होतं. सरपंचाच्या घराला मागच्या बाजूनेही दार होतं, अशी माहिती त्याने मला एकदा फार हळू आवाजात दिली.

कुर्डुवाडीच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील रेल्वेत होते आणि कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. कायम झाल्याची ऑर्डर दाखवा, मग सुपारी फोडू, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलगी त्याने एकदाच, पोह्यांच्या वेळी पाहिली होती. तेव्हा ती एकच वाक्य बोलली. “पाण्याची भीती नाही का वाटत?” हे वाक्य तो मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. ऑर्डरचं काम माझ्याकडेच होतं. मी म्हणायचो, होईल, एक मेला होईल.

फेब्रुवारीत फोन कमी झाले. मार्चमध्ये फक्त सकाळ-संध्याकाळचे, नियमातले, आणि तेही परस्पर पंपहाउसला. मला वाटलं आजारी असेल. एका संध्याकाळी जीपमधून उतरताना तो दिसला, तर ताजातवाना होता. म्हणाला, “सवय झाली साहेब. आता बरं वाटतं तिथं. पहिले दोन महिने लई अवघड गेलं, तुम्ही होता म्हणून निघालं.”

मी म्हणालो, छान झालं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी होनरावबाईंना सांगितलं, जॅकवेल लावा.

काहीतरी कारण काढलं असेल. बहुतेक रजेच्या अर्जाचं. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरं कारण काढलं. आठवड्याभरात कारणं संपली आणि त्यांची गरजही संपली. होनरावबाई चारला स्वतःच विचारायच्या, “लावू?” मी लावा म्हणायचो. नागनाथ पहिल्याच घंटेला उचलायचा. मला त्या वेळी वाटायचं की तो वाट पाहत असतो. आता वाटतं, त्याने चारची फेरी आधी उरकून घ्यायची सवय लावून घेतली असावी, साहेबांचा फोन येतो म्हणून.

एकवीस एप्रिलला, गुरुवारी, त्याची कायम करण्याची शिफारस मी तयार केली. त्यासाठीही फॉर्म होता. तेच पाच रकाने. चार वाजता फोन लावला आणि म्हणालो, “बस निवांत. तुझे मार्क वाचून दाखवतो.”

“वाचा की साहेब.”

मी वाचलं. संघभावनेवर मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या मला आवडल्या होत्या. संवादकौशल्य वाचून झालं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, पाच मिनिटांत फोन करतो. वारा फिरलाय. काठाकडनं आत चाललाय. ओढ्याच्या तोंडाला जलपर्णी साठलीय, ती जाळीवर जाईल. बघून येतो.”

“जाशील रे. अजून तीन राहिलेत. तुझ्याच फायद्याचं आहे.”

तो बसला. मी नेतृत्वगुण वाचले. मग प्रसंगावधान वाचलं. ‘संभाव्य धोका वेळेआधी ओळखून तत्परतेने कृती करतात’, असं वाक्य होतं. ते वाचताना त्याने पुन्हा म्हटलं, “साहेब, मोटारीचा आवाज येईना नीट. वारा उलटा आहे म्हणून असंल, पण जाऊन येतो.”

मी म्हणालो, एकच मिनिट. आणि मग फॉर्म संपला तरी मी थांबलो नाही. सकाळी घरून पत्र आलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, माझ्या आधी, आणि वडिलांनी ते असं लिहिलं होतं की जणू मीच त्याला पुढे जा म्हटलं होतं. मला ते कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं. ते पत्र दोन पानी होतं.

आमचं बोलणं चार पाचला सुरू झालं आणि चार सत्तेचाळीसला संपलं. हे मला रजिस्टरामुळे नक्की माहीत आहे.

जलपर्णीने जाळी बंद केली होती. बाहेर धरण भरपूर आणि विहिरीत पाणी नाही. पंप कोरडा फिरत राहिला, त्याचा दांडा आवळला आणि मोटार जळाली. असं झालं तर मोटार आपोआप बंद पडावी अशी एक सोय मुळात बसवलेली होती. ती विनाकारण बंद पाडते म्हणून बारटक्के साहेबांनी मागच्याच वर्षी काढून ठेवली होती. चौकशीत हा विषय निघाला नाही.

कारखाना नऊ दिवस बंद होता. स्टार्च काढायचा तर मका आधी टाक्यांत भिजत घालावा लागतो. पुढचं पाणी आलं नाही म्हणून सगळ्या टाक्या आंबल्या. वास तिसऱ्या दिवशी क्वार्टर्सपर्यंत आला. मी खिडक्या लावून घेतल्या, तर तो फायलींच्या खोलीतून यायला लागला.

चौकशी बारटक्के साहेबांनी केली. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते, समोर नागनाथ, भिंतीशी होनरावबाई रजिस्टर मांडीवर घेऊन. कामकाज लिहून घेणं हे पर्सोनेलचं काम, म्हणून मी टेबलाच्या टोकाला. नागनाथने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलाखतीला घातला होता तोच.

बारटक्के साहेबांपुढे दोन कागद होते. एक रजिस्टरातल्या पानाची नक्कल: जॅकवेल, पर्सोनेल, चार पाच, चार सत्तेचाळीस. कोणी कोणाला फोन केला याचा रकाना रजिस्टरात नव्हता. दुसरा कागद मुलाखतीचा फॉर्म.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “संवादकौशल्य, वीसपैकी एकोणीस. तुम्हीच दिलेत चंद्रात्रे. तेव्हाच ओळखायला हवं होतं.”

मी ते लिहिलं नाही, कारण तो प्रश्न नव्हता.

मग ते नागनाथकडे वळले. बेचाळीस मिनिटं तो फोनवर होता, हे त्याला मान्य होतं. त्या वेळात तो विहिरीकडे गेला नाही, हेही मान्य होतं. काय बोलणं चालू होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ऑफिसचंच. साहेबांनी मान डोलावली. याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. हा माणूस बडबड्या आहे हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, आणि आता ते लेखीही होतं.

“फोन कोणी केला होता?” त्यांनी विचारलं.

मी ‘प्रश्न’ लिहून पुढे प्रश्न लिहिला. खालच्या ओळीत ‘उत्तर’ लिहिलं. त्याच्यापुढे दोन टिंबं दिली. उत्तर आलं नाही. मी वरचं टिंब ठळक केलं. मग खालचं ठळक केलं. माझं प्रोबेशन त्याच्याच दिवशी, एक मेला, संपत होतं. हे मला त्या क्षणी आठवलं असं म्हणायची सोय नाही. ते माझ्या डोक्यात नऊ दिवस होतं.

“मी केला,” नागनाथ म्हणाला.

मी लिहिलं: मी केला.

होनरावबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बारटक्के साहेबांनी एवढंच विचारलं, की वेळ बरोबर आहे ना. त्या म्हणाल्या, वेळ बरोबर आहे. आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

शेवटी मी कागद नागनाथपुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याने वाचून पाहिला नाही.

अर्ध्या तासाने तो सायकल स्टँडवर भेटला. भेटला म्हणजे मी गेलो. चेनमध्ये अडकलेली कसलीशी चिंधी तो काढत होता.

“का म्हणालास तसं?” मी विचारलं.

त्याने चिंधी सोडवली आणि बाजूला टाकली. “थांबलो होतो साहेब मी जरा,” तो म्हणाला. रागावलेला वाटत नव्हता. पाणी साडेअठरा फूट, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. “तुम्ही लिहीत होता.”

तिथे लिहायला काही नव्हतं.

“एकानं बाहेर बसायचं होतं,” तो म्हणाला. “दोघांनी बसून काय उपयोग.”

मी कुर्डुवाडीचं विचारलं. तो म्हणाला, कळलंय त्यांना. जीपच्या ड्रायव्हरचा मेहुणा त्यांच्याच आळीत राहतो. मी म्हणालो, मी त्यांना पत्र लिहितो, तुझी वर्तणूक उत्तम होती असं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

“नका लिहू,” तो म्हणाला.

सायकल त्याने फाटकापर्यंत हातात धरूनच नेली. मी बरोबर चालत होतो. फाटकाशी शिपाई त्याच्याशी दोन शब्द बोलला, आत्याच्या गावचे. मग तो सायकलवर बसला, एक पाय जमिनीवर ठेवून थांबला आणि माझ्याकडे वळला.

“आता चारला काय करणार तुम्ही?”

मी म्हणालो, खूप काम असतं ऑफिसात.

“हां,” तो म्हणाला. “काम करत जावा.”

त्याला काढल्याची ऑर्डर मी टाइप करून घेतली आणि त्याच दुपारी माझी कायम झाल्याची ऑर्डर माझ्या टेबलावर आली. दोन्हींवर सही एकाच पेनाची होती. जॅकवेलवर नव्या मोटारीचं काम चालू असताना बारटक्के साहेबांनी मला विचारलं, “तो मुका कुठाय? ज्याला एकवीस दिले होते तो?” फॉर्म नको म्हणाले. सोपान शिरतोडेला जीप पाठवून आणवला. तो आला, केबिन बघितली, खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि बसला. मी तो कारखाना सोडला त्यालाही पुढे नऊ वर्षं लागली. तेवढ्या काळात जॅकवेल एकदाही बंद पडली नाही.

मे महिन्यात एकदा चार वाजता एक्स्चेंजवरून घंटा वाजली. “लावू?” होनरावबाईंनी विचारलं. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. का विचारलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, लावा.

पलीकडे बरीच घंटा वाजली. मग शिरतोडेने उचलला. मी नाव सांगितलं. जेवलात का, असं विचारलं.

“चालूय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

“झालं?” होनरावबाई लाइनवरच होत्या.

झालं, मी म्हणालो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

नागनाथचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं; त्या तालुक्यात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. मी विचारलं नाही. माझं बरं झालं. आता मी पुण्यात असतो आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी माणसं निवडून देतो. फॉर्म अजून आहे. पाच रकान्यांचे नऊ झालेत, आणि आता तो लॅपटॉपवर भरतात. मी मात्र आधी कागदावर लिहितो. माझा सल्ला लोक मानतात. उमेदवारात नेमकं काय पाहावं, यावर मी महिन्यातून दोनदा बोलतो, दोनशे-तीनशे माणसांसमोर, आणि मग गाडीत बसून घरी येतो. घरी मीच कुलूप उघडतो.

सहकाऱ्याच्या चुकीचा प्रश्न मी अजून विचारतो. आजवर चार-पाच हजार जणांना विचारला असेल. आता सगळे तयारी करून येतात. जबाबदारी मी स्वीकारेन सर, टीमचं अपयश ते माझं अपयश, असं अगदी न अडखळता सांगतात. चांगलं सांगतात. उत्तर देऊन झालं की उमेदवार जरा थांबतो, माझ्याकडे बघत, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी लिहीत असतो.